दार वाजतंय तोवर

बाळासो : दार उघड, निशे! न्हायतर दारासकट तुला मोडतो!

(कबनूर, सकाळ. पत्र्याच्या बंद दाराआड निशिगंधा, तिची सासू शालूबाई आणि तान्हं पोर. बाहेर नवरा बाळासो.)

निशिगंधा : मोडा. आत पाय टाकला की कापडाच्या मागावरचा ह्यो लाकडी धोटा पुन्ना डोक्यात बसंल.

बाळासो : रगात थांबंना झालंय माझं! नवऱ्यावर हात उचलतीस व्हय गं?

निशिगंधा : आन् तुमी पोराची झोळी भिंतीवर आपटायला निघालता, ते? माझा हात मधी आला म्हणून वाचलं. न्हायतर डोकं फुटलं असतं त्याचं.

बाळासो : आठवडा झाला डोळ्याला डोळा न्हाय! दिवसभर हमाली, रातभर ह्याचं भोकाड. मी माणूस हाय का जनावर?

शालूबाई : ते तुझं तू सांग.

बाळासो : आई, तू मधी पडू नगंस! कडी काढ!

शालूबाई : कडी मीच घातलीया.

बाळासो : काय?

शालूबाई : मीच घातलीया म्हटलं. ऐकू येतंय की.

बाळासो : मग दोघींना बी चिरतो आज! एकीला बी सोडत न्हाय!

शालूबाई : बोंबलू दे त्याला. पोरी, हात बघू तुझा.

निशिगंधा : बोटं वळंनात, आत्ती. पोराला जरा घ्या.

शालूबाई : आण. आरं आरं, किती किंचाळशील राजा? गुटी दिली, पोटाला हिंग लावलं, मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. कशालाच बधंना बघ.

निशिगंधा : त्याला मागाचा आवाज पायजे. पोटुशी असताना मी मागावरच राबत हुतो की. जन्मल्यापास्नं भिंतीपलीकडं खटाखट चालायचं, त्यातच निजायचं ते. मालकानं माग भंगारात घातलं आन् पोराची झोपच गेली.

बाळासो : कुजबुज कसली चाललीया? ह्ये घे! ह्ये घे! दांडकं हाय हातात माझ्या! ह्ये घे!

निशिगंधा : आत्ती, पोराकडं बघा.

शालूबाई : आगं, गप झालं की! डोळं जड व्हायलेत.

बाळासो : मेलीस का? बोल की!

निशिगंधा : ते वाजवायचं थांबलं, तसं ह्यानं परत तोंड पसरलं बघा.

शालूबाई : बाळासो! दार वाजीव!

बाळासो : आं?

शालूबाई : पोरगं निजायलंय. पत्रा वाजला की त्याला माग चालल्यागत वाटतंय. वाजीव, सारखं वाजीव.

बाळासो : मला येडा समजतीस व्हय? ह्ये घे मग! ह्ये घे! ह्ये... आयला. खरंच की. रडायचं थांबलंय.

शालूबाई : आता सोडू नगंस.

बाळासो : वाजवतोय की.

शालूबाई : निशे, हळू बोल, त्याला ऐकू जाईल. फोन केल्यावर निघाला त्यो तुझा भाऊ कुठवर आलाय?

निशिगंधा : विश्वजितदादा मघाशीच आलाय. मागच्या बोळात मोटरसायकल घेऊन थांबलाय.

शालूबाई : मग ऊठ. पोराला घे. आधी हात दाखव दवाखान्यात, मग शिरोळला माहेरी जा.

निशिगंधा : आन् तुमी? दार उघडल्यावर तुमच्यावर धावून येतील की ते. मला भ्या वाटतंय, आत्ती.

शालूबाई : माझ्या पोटचं हाय, माझं मी बघतो. त्याचा बा बी असाच हुता. मला कुणी मागलं दार उघडून दिलं न्हाय.

निशिगंधा : आत्ती...

शालूबाई : रडू नगंस, पोरगं उठंल. मागल्या दाराची कडी आवाज न करता काढ. जा. मागं वळून बघू नगंस.

बाळासो : आई, हात भरून आलं गं. निशे, माझं चुकलं. झोप न्हाय म्हणून डोकं फिरलं. परत हात लावणार न्हाय तुला. ऐकतीस न्हवं?

शालूबाई : ऐकतीया.

बाळासो : मागच्या खेपंला बी असंच म्हणलो हुतो, ठावं हाय मला. पर आता खरं. पोराची आण.

शालूबाई : व्हय.

बाळासो : सारखी आईच बोलतीया, तू का बोलंनास? निशे, निजलं का गं पोरगं?

शालूबाई : निजायलंय. थांबू नगंस, बाळासो.