संडासाच्या वासाचं रान

बायको : चला हो, आणखी थोडं. त्या वळणापर्यंत.

नवरा : नको. मळमळतंय मला. हे रान नाही, संडास आहे.

बायको : पाइनची झाडं आहेत ती! लोक मुद्दाम हवापालटाला येतात इथे.

नवरा : येऊ देत. कारखान्यात अख्खी नोकरी हाच वास संडास धुवायच्या औषधाच्या बाटल्यांत भरण्यात गेली माझी. झाकण उघडायचं, हुंगायचं, पास की नापास ते सांगायचं. आता झाड दिसलं की डोळ्यांपुढे भांडंच येतं. शी!

बायको : मग झाडांकडे बघू नका. हे गवत बघा, कसा लिंबासारखा वास येतोय.

नवरा : फरशी पुसायचं लिक्विड.

बायको : आणि ती पांढरी फुलं?

नवरा : टॅक्सीच्या आरशाला लटकवायची डबी. मागच्या सीटवर कुणीतरी ओकलेलं असतं, तेव्हाची.

बायको : जळ्ळं मेलं ते नाक! किती नाकानं कांदे सोलाल? संध्याकाळपर्यंत त्या घरमालकीणबाईंना कळवायचंय मला, त्यांची इथली खोली भाड्याने घेतो की नाही ते.

नवरा : नाही म्हणून कळव. मुलाकडे काय वाईट आहे?

बायको : हॉलमध्ये झोपतो आपण. सूनबाई आपली अंथरुणं ओलांडून फ्रीजकडे जाते. पाहुणे आले की गादी सोफ्यामागे आणि आपण रस्त्यावर. वर भिंतीवरच्या यंत्रातून तुमच्याच कारखान्याच्या सुगंधी फवाऱ्याची ती फुसफुस. किळस त्याची यावी माणसाला!

नवरा : येते ना. म्हणून तर विचारतो, तिथून उठून पुन्हा त्याच वासात कशाला?

बायको : तुम्ही लॉजवर नाकाला रुमाल लावून पडता, मी रोज सकाळी इथे एकटी फिरते. कुणाच्या पायात येत नाही. काल परत फिरताना तोंडातून आपसूक निघालं, ‘इथेच घर असतं तर.’ मुलाकडे इतकी वर्षं काढली, तिथे घर हा शब्द जिभेवर येतच नाही हो.

नवरा : अगं, खाली बघ! गेलीस ना चिखलात घोट्यापर्यंत!

बायको : ओढा मला! ईऽऽ, केवढं बुळबुळीत! कुजून लगदा झालाय पानांचा. आणि चपलेत काय वळवळतंय हे? चला, चला मागे.

नवरा : थांब.

बायको : वाकून काय हुंगताय? ओकाल!

नवरा : बुरशी. ओलं लाकूड. काहीतरी मेलेलं, आणि त्याच्याखाली... काय आहे कोण जाणे. हे माझ्या टेबलावर कधीच आलं नव्हतं.

बायको : येईल कसं? असली घाण कोण विकत घेणार?

नवरा : कुणीच नाही.

बायको : मग उठा की! गुडघे भरले सगळे.

नवरा : भरू देत. बस जरा. ती खोली पाइनच्या बाजूला आहे, की ह्या चिखलाच्या?