पट्ट्यांच्या शर्टातली भीती

डॉक्टरांच्या दाराबाहेर बसलेल्या शिंपीणबाईंच्या हातात मासिक नावालाच होतं. दोन्ही कान शेजारच्या बाकाकडे. तिथे एक न्हावी आणि त्याची बायको चेहऱ्यांच्या फोटोंची कार्डं घेऊन बसले होते.

“हा?” बायकोने एक कार्ड पुढे धरलं.

“घाबरलाय.”

“ही?”

“चिडलीय. वीसपैकी वीस! आज डॉक्टर दुकान पुन्हा उघडायला हो म्हणणारच.”

“थांबा, फोटोंतले कपडे हाताने झाकते. आता हा सांगा.”

“कपडे कशाला झाकतेस?”

“सांगा ना.”

“हसतोय?”

“अहो, हा तोच घाबरलेला! तुम्ही पट्ट्यांचा शर्ट पाठ केलात होय?”

“मग काय करू? डोक्याला मार लागल्यापासून नाक दिसतं, डोळे दिसतात, मिशी एका बाजूला जास्त कापलीय तेही दिसतं. भीती तेवढी दिसत नाही.”

“आणि वस्तरा गळ्याशी असताना गिऱ्हाईक घाबरलं तर?”

“विचारीन त्याला.”

“तुम्ही आणि विचारणार? लग्नाला वीस वर्षं झाली, मला कधी विचारलंत, काय झालं म्हणून?”

“तेव्हा बघून कळायचं गं. आता विचारतो. आत्ता तुझा चेहरा कसा आहे?”

ती कार्डं गोळा करू लागली. शिंपीणबाईंनी न राहवून मान वळवली.

“सांग की. खरंच कळत नाही मला.”

“घाबरलेय.”

“असं दिसतं होय ते?” न्हावी तिच्याजवळ सरकला. “हलू नकोस. नीट बघू दे.”