पवळ्याला दिलेली सुई

आम्ही कन्नडकडचे, घाटाच्या अंगाचे धनगर. बाप मेंढरं राखायचा, मीबी राखली, पुढं दोन एकर झाली तशी बैलं आली. शाळा नाय, पण आभाळ वाचायला बापानं शिकवलं. तुम्ही गिधाडं म्हंता, आम्ही पाव्हणे म्हणायचो. ढोर मेलं की माळावर न्यायचं अन् पाव्हण्यांचं जेवण होईस्तोवर कुणी खडा मारायचा नाय, लांब बसून ऱ्हायचं, ही आमची रीत.

काय सांगू तुम्हाला, ते बघावं असं व्हतं! वर आभाळ साफ, मग एक ठिपका, मग दुसरा, कुठनं यायचे देव जाणे, पंख हलत नाय, नुसते उतरत यायचे, डोक्यावरनं गेले की सूंऽ आवाज. अख्खा बैल, थोड्या येळात पांढरी हाडं. वास नाय, घाण नाय. माझे तर हात आपोआप जोडले जायचे.

पहिलं ढोरं ओढायचं काम बळीरामच्या घराकडं. विद्यापीठाच्या नामांतराच्या टायमाला त्याच्या सासुरवाडीची घरं जाळली, तवा तो चावडीवर येऊन बोलला, ज्याचं ढोर त्यानं ओढावं, आता आम्ही नाय. लोक लई बिथरले. मी म्हणलं, खरं हाय बाबा तुझं. तवापासनं आमची आम्ही ओढायला लागलो.

थोरला माझा वाळूजला कंपनीत लागलेला. पवळ्या बैल म्हातारा झाला, पाय सुजले, उठंना, रात्रंदिस कण्हायचा. मी पोराला म्हणलं, शहरातनं दुखणं थांबायची सुई आण. सुई टोचायची मी ढोरांच्या डॉक्टरच्या माणसाकडं बघून शिकलो व्हतो, हात हलका म्हणून अख्खं गाव बोलवायचं. पवळ्याला दोन दिस दिली. कण्हणं थांबलं, मान माझ्या मांडीवर टाकली अन् गेला.

माळावर नेला. पाव्हणे आले, मी म्हणलं पोटभर जेवा, लेकरासारखा व्हता माझा. मग दोन-तीन दिसांनी बघतो तर लिंबावर बसलेले, माना खाली लोंबलेल्या, एक तर माझ्यासमोर फांदीवरनं पडला. मला वाटलं ऊन लागलं. गावात कुणाचंबी ढोर दुखण्यानं पडलं की मी सुई देत गेलो, माळावर तेच व्हत गेलं, अन् आभाळ रितं झालं. मग कुत्री माजली, कुजलेलं खाऊन मेंढरांवर यायला लागली, आमच्या मंडळीला चावली.

बळीरामची नात त्याच विद्यापीठात शिकायला, गिधाडांचं विचारत परवा घरी आली. तिनंच सांगितलं, आजोबा, ती सुई ढोराच्या अंगात ऱ्हाती, खाणाऱ्याचं मूत्रपिंड बंद पडतं. मी म्हणलं, पोरी, मग मीच मारले का गं? ती म्हणली, देशभर देत व्हते आजोबा, कुणाला ठावं व्हतं. व्हय, पण आमच्या माळावर तर हा माझाच हात व्हता ना. करायला गेलो एक अन् झालं भलतंच. हलका हात म्हणं!

आता गाय गेली मागच्या हप्त्यात. पोरगा म्हणला पुरून टाकू. म्हणलं नाय. सुईशिवाय गेलेली हाय, माळावर न्या. काठी घेऊन दिसभर कुत्री हाकली, वर बघत बसलो. कुणी आलं नाय. तुमची नजर चांगली हाय, येता-जाता वर बघत जा. दिसला एखादा तर त्याला सांगा, आता माझ्या घरचं जेवण चोख हाय.