सेतुरावांची व्हॉल्व्हची डबी

अहो, मुलगी बघायला आलेल्यांना मुलीचं मन भोंग्यातून कळलं, असं कधी ऐकलंय का तुम्ही? आमच्या कुंभकोणमला, शेजारच्या सेतुरावांकडे झालं हे.

सेतुराव रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांची लेक रुक्मिणी वीणा वाजवणार आत देवघरात आणि मुलाकडचे पुरुष बसणार बाहेर ओट्यावर, अशी आमच्यातली रीत. म्हणून वीणेपुढे माइक आणि ओट्यावर भोंगा ठेवला. पण मधल्या लांबलचक वायरीत आवाज पार मरायचा. "वायरच खाते हो आवाज," म्हणत सेतुरावांनी आवाज वाढवणारी एका व्हॉल्व्हची डबी बनवून माइकच्या अगदी शेजारी जोडली. मग वीणा ओट्यावर कशी खणखणीत!

पाहुणे आले, वादन झालं, वाहवा झाली. मी लगेच रुक्मिणीच्या कानाशी लागले. "काय ग, मुलगा पसंत आहे का?"

"दारातून पाहिला, काकी. चांगला वाटतो. पण सगळं त्याचे मामाच बोलतायत. मी काय मामांशी लग्न करू?"

इतके दिवस वीणाच धड पोचत नव्हती, तिथं कुजबुज पोचेल हे कुणाच्या मनात येणार? पण डबी चालूच होती. ओट्यावर मामा बोलता बोलता गप्प झाले. सेतुराव वायर उपटायला धावले.

तेवढ्यात मुलगा उठला. "राहू द्या हो ती. मलाही आत जाऊन दोन शब्द बोलायचेत. मामा, तुम्ही बसा. तुम्हाला इथूनच सगळं ऐकू येईल."