हीटर आणि जळका वास

कुवेतमध्ये हीटर कशाला लागतो, असं विचारणाऱ्यांनी जानेवारीत आमच्या घरी राहून बघावं. परवा मी माळ्यावरून हीटर काढला, धूळ पुसली, वायर तपासली.

नवरा म्हणाला, "आधी मेकॅनिकला दाखवू या."

"मी बघितलाय ना!" म्हणत मी बटण दाबलं.

थोड्या वेळात जळका वास! नवऱ्याने धावत येऊन प्लग उपटला, सगळ्या खिडक्या उघडल्या. "सांगत होतो ना? आग लागली असती!"

पण प्लग काढल्यावरही वास वाढतच होता. स्वयंपाकघरात जाऊन बघते, तर त्याने चहासाठी ठेवलेलं दूध आटून पातेलं करपलेलं. मी गॅस बंद केला.

"तुझं दूध जळलंय. मेकॅनिकला बोलावू?"

खिडक्या लावत तो म्हणाला, "आधी हीटर लाव गं, गारठलो!"