गोंदे शिवारात उभी असलेली गाडी

नाव भारत रंगनाथ कुटे, वय ४३ वर्षे, धंदा मालवाहू गाडीवर ड्रायव्हर, राहणार सायखेडा, तालुका निफाड, जिल्हा नाशिक.

आज रोजी पोलीस ठाण्यात हजर असून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी व दोन मुलींसह राहण्यास आहे. द्राक्षांचा हंगाम सुरू झाल्यापासून मी घरी गेलेलो नाही. गाडीतच राहतो.

मी नाशिकच्या एका ट्रान्सपोर्टकडे कामाला असून निफाड भागातील कोल्ड स्टोरेजमधून द्राक्षांचे कंटेनर मुंबईच्या बंदरावर पोहोचवितो. पूर्वी गाडीवर दोन ड्रायव्हर असत. आता मी एकटा आहे.

काल सकाळी मी रिकामी गाडी घेऊन आलो व स्टोरेजबाहेर रांगेत लावली. रांग दिवसभर आणि रात्रभर थोडी थोडी पुढे सरकत होती. गाडी पुढे घेतली नाही तर मागचा मध्ये घुसतो, त्यामुळे झोपता येत नाही. ऑफिसमध्ये मात्र रांगेतला वेळ आरामात धरतात. आज सकाळी माल भरून झाला. संध्याकाळच्या आत बंदराचे गेट गाठायचे होते.

नाशिक ओलांडल्यावर माझे डोळे मिटू लागले. तोंडावर पाणी मारले, हिरवी मिरची चावली. तरी गाडी दोन वेळा डावीकडे पांढऱ्या पट्ट्यावर गेली. एका ढाब्यावर वळलो, पण तेथे जागा नव्हती. म्हणून दुपारी गोंदे शिवारात रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली व मागचे दिवे चालू ठेवले. गाडीचा उजवा कोपरा रस्त्यावर येत होता. तो मला दिसत होता.

जीपीएसमुळे गाडी थांबली की ऑफिसमध्ये कळते. लगेच तेथील विहंग साहेबांचा फोन आला. ते म्हणाले, "भारतभाऊ, गाडी का थांबली?"

मी म्हणालो, "साहेब, झोप आवरत नाही. पुढे जागा बघून तासभर पडतो."

"तासभर नका हो. गेट चुकलं तर उद्यावर जाईल. आहे तिथेच दहा मिनिटं डोळा लावा."

मी आहे तिथेच आडवा झालो.

मध्ये गाडीला हलकासा धक्का बसल्याचे आठवते. शेजारून मोठे वाहन गेले की गाडी हलते, म्हणून मी उठलो नाही. नंतर कोणीतरी दार वाजवू लागले. खाली एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या हाताला रक्त होते. त्या म्हणाल्या, "ड्रायव्हर, उठा. आमचे हे तुमच्या गाडीखाली हायेत."

त्यांचे नाव सरुबाई व पतीचे नाव खंडेराव मते, असे मला नंतर समजले. ते फुलांचे शेतकरी असून पहाटे झेंडू घेऊन नाशिकच्या बाजारात गेले होते. मोटारसायकलवरून घरी परतताना ते माझ्या गाडीवर मागून आदळले. रिकामे क्रेट रस्त्यावर पडले होते.

एका पिकअपवाल्याने आम्हाला दवाखान्यात नेले. मी मागे खंडेराव यांचे डोके मांडीवर घेऊन बसलो होतो. सरुबाई सारख्या त्यांच्याशी बोलत होत्या. पाणी कोणत्या वाफ्याला सोडायचे, म्हशीला पेंड आणायची की नाही, असे विचारत होत्या. डॉक्टरांनी ते मयत झाल्याचे सांगितल्यावर त्यांनी पदराने हाताचे रक्त पुसले. मग मला म्हणाल्या, "रोज मी मागं बसून ह्यांना बोलतं ठेवते. पहाटंपासनं जागे असतात, नायतर डोळा लागतो. आज मलाच डुलकी आली, दादा."

हे लिहू नका, असे मी जबाब लिहून घेणाऱ्या जमादार साहेबांना म्हणालो. सांगितलेले सगळे लिहावे लागते, असे ते म्हणाले.

मोटारसायकल भरधाव होती काय, असे विचारल्यावरून सांगतो की, मी ती पाहिली नाही. मी झोपलो होतो. ती भरधाव होती असे सांगावे, असा ऑफिसमधून निरोप आला होता.

पंचनामा झाल्यावर ऑफिसने दुसरी गाडी पाठवून कंटेनर तिच्यावर घेतला. ती गाडी मंगळू नावाच्या ड्रायव्हरने नेली. तो सकाळीच बंदरावरून आलेला होता. वाटेत थांब, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "कुठं थांबू?"

माझा हा जबाब मला वाचून दाखविण्यात येत असताना मला झोप लागली. म्हणून उठवून पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखविला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.