चौथं नाव गेलं कुठं

…आणि काहीही म्हण सम्मेद, चौथं नाव आपोआप गळत नसतं. हेही मोठ्यानं वाच, गाळू नकोस.

सन्माननीय अध्यक्षा आक्काताई, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांचा शाहूपुरीतला कॉम्प्युटर क्लास आज बंद होतोय ते आमचे जयपाल सर, आणि समोर बसलेल्या सोबत्यांनो, मी अल्ताफ. बंगळुरात कामाला आहे, रजा मिळाली नाही, म्हणून माझं भाषण सम्मेद वाचतोय.

निरोपाचा फ्लेक्स सरांनी शिकवलेल्या जावास्क्रिप्टमध्येच, म्हणजे कोड लिहूनच जुळवायचा, असं ठरलं. सम्मेदनं जुळवला. मला फोटो आला. 'आपले विद्यार्थी' म्हणून खाली ऋतुराज, यशराज, आदिती. माझं नाव कुठाय? कोल्हापुरात फ्लेक्सवर नाव नसणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला पाहिजे का? नववीत शाळा सोडलेला, आता गावही सोडलेला. मुद्दाम काढलं, असंच धरून चाललो.

सरांना फोन लावला. सर म्हणाले, "आधी कोड बघ, मग माणसावर संशय घे की."

बघितला. नावं मांडणाऱ्या फंक्शनच्या कंसात जागा तीनच, आणि सम्मेदनं नावं दिलेली पाच. जावास्क्रिप्ट अशा वेळी चूक दाखवत नाही. पहिली तीन घेतली, बाकीची निमूट सोडली. चौथा मी. पाचवा कोण? सम्मेद स्वतः. सौजन्य म्हणून शेवटी उभा राहिलेला.

सम्मेदला फोन लावला, "तुझं नाव न्हाय, ते तुला दिसलं न्हाय व्हय रं?"

"दिसलं की. मला वाटलं, सरांनीच छापताना काढाय लावलं. मग विचारू कसं?"

आता कंसात नावांच्या आधी तीन टिंबं दिलीत. पाच नावं द्या, पन्नास द्या, सगळी एका यादीत गोळा होतात. तरी माझा संशय हाय तिथंच. एकही नाव दिलं नाही, तरी हे फंक्शन रिकामी यादी घेऊन गप्प बसतं. म्हणून यादी रिकामी असली की ओरडायची एक ओळ मी घातली आहे. येईल त्याला घेणाऱ्यावर माझा भरवसा नाही.

सर, तुम्हीही शाळा न विचारता येईल त्याला बाकावर घेतलंत. तेव्हाही वाटलेलं, ह्यात ह्या माणसाचं काहीतरी साधत असणार. अजून शोधतोय, सापडलेलं नाही.

ऐकून घेतलंत, आभार. लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, वाचण्यात झालं असेल तर सम्मेदला धरा. तो फ्लेक्स उतरवा. पाच नावांच्या नव्या फ्लेक्ससाठी अठराशे रुपये पाठवतोय.